तीनदा उडालेला ट्राउट आणि सिंगापूरचा जिताडा

ही हकिगत तोंडाने सांगायला मला बंदी आहे, म्हणून लिहून काढतो आहे. पैज लागली तेव्हा 'सांगायची नाही' एवढंच ठरलं होतं. लिहायची नाही असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि भूगोलाचा मास्तर असलो तरी कायदा मला चांगला कळतो.

पेणमध्ये ज्यांनी मला लग्नात, मुंजीत किंवा एस.टी.च्या थांब्यावर गाठलं आहे, त्यांना माझी काश्मीरच्या ट्राउटची गोष्ट पाठ आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. माणसं काश्मीरला बिनघोर सहलीला जात होती त्या काळात मी आणि आमची ही, म्हणजे सुमन, तिकडे गेलो होतो. एका ओढ्यात, बर्फाच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून मी ब्राउन ट्राउट गळाला लावला. तो तीनदा पाण्याबाहेर उडाला. पहिल्यांदा माझ्या कमरेइतका, दुसऱ्यांदा डोक्याइतका, आणि तिसऱ्यांदा इतका वर, की पलीकडच्या काठावरच्या मेंढपाळाने त्याला घार समजून कोकरू पोटाशी धरलं.

ह्या गोष्टीवर माझी अकरा वर्षं निघाली. शाळा तपासायला आलेले साहेब ती ऐकता ऐकता वर्ग बघायचे विसरले आणि चहा पिऊन परत गेले. आमच्या भाचीचं लग्न ठरताना देण्याघेण्यावरून दोन्ही पक्ष उठायला निघाले होते. मी ट्राउट सोडला, आणि तो तिसऱ्यांदा पाण्यात पडेपर्यंत सुपारी फुटली. ही गोष्ट काढून घेतली तर माझ्याजवळ उरतं काय? खडू, डस्टर आणि आफ्रिकेचा फाटका नकाशा.

ती काढून घेतली जाण्याची वेळ आली सिंगापुरात.

टॅम्पिनीस

सुमनचा धाकटा भाऊ विलास बोटीवर चीफ इंजिनियर होता. आता त्याने समुद्र सोडून सिंगापूर बंदरात दुरुस्तीला येणाऱ्या बोटींवर देखरेखीचं काम धरलंय. कमरेला पेजर, टॅम्पिनीसला अकराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. ह्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने आम्हाला बोलावून घेतलं. विमानतळावरच्या बाईने पासपोर्टवर चौदा दिवसांचा शिक्का मारला तेव्हा मला वाटलं, चौदा दिवस म्हणजे फारच झाले.

मला एका जागी बसवत नाही, हा माझा जन्माचा रोग. वर्गात शिकवताना मी इतका फिरतो, की मागच्या बाकावरच्या पोरांना माना वळवून वळवून व्यायाम होतो. त्या फ्लॅटमध्ये पहिल्या दोन तासांत मी गॅलरीत सतरा चकरा मारल्या, लिफ्टने विनाकारण चारदा खाली जाऊन आलो आणि शेजारच्या चिनी आजीला चारदा 'गुड मॉर्निंग' केलं. चौथ्यांदा तिने दार लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी विलासने फराळाला एका पाहुण्याला बोलावलं होतं. अंकल लिम. विलासच्या जुन्या बोटीवरचा खानसामा, आता निवृत्त, राहायला हौगांगला. सत्तरीचा, खारकेसारखा सुकलेला चिनी म्हातारा. आयुष्यभर आपल्या खलाशांना वरण-भात घातल्यामुळे त्याला 'अच्छा', 'बस' आणि दोन शिव्या एवढं हिंदी येत होतं. बाकी सगळं इंग्रजीत, म्हणजे त्याच्या इंग्रजीत, वाक्याच्या शेपटीला 'लाह' लावून.

"अंकललाही मासे धरायचा नाद आहे, भाऊजी," विलास म्हणाला. "तुमचा ट्राउट ऐकवा की त्यांना."

मला काय, आग्रह कशाला लागतो! मी उठून उभाच राहिलो. ती गोष्ट बसून सांगताच येत नाही. ओढा केला, बर्फ केलं, मेंढपाळ केला. तिसऱ्या उडीला माझा हात मेधाच्या, म्हणजे विलासच्या बायकोच्या, नव्या आकाशकंदिलाला लागून त्याची एक झिरमिळी खाली आली. सगळे हसले. सुमन चकलीचा तुकडा मोडत होती, तिने मान वर केली नाही. ह्या गोष्टीच्या वेळी ती कधीच मान वर करत नाही.

लिम मात्र हसला नाही. दुसरी चकली उचलून त्याने विचारलं, "टीचर, कुठला ट्राउट म्हणालास?"

"ब्राउन!" मी छाती काढून म्हणालो.

"आणि उडाला?"

"तीनदा!"

"अच्छा," लिम म्हणाला आणि सावकाश चकली चावत बसला.  मग तो म्हणाला, "आमची बोट न्यूझीलंडला जायची. लोकर भरायला आठ-आठ दिवस लागायचे. मी ओढ्यावर. दोन्ही ट्राउट धरलेत, ब्राउन आणि रेनबो, लाह. खूप. ब्राउन उडत नाही."

"म्हणजे?" विलास पुढे सरकला.

"ब्राउन म्हातारा माणूस. अंगावर लाल-काळे ठिपके, काठाखाली, मुळाखाली लपून बसतो. तुझी सावली पडली, संपलं. तू पाय हलवलास, संपलं. एकदा फसला तर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावणार नाही. आणि गळाला लागला की खाली जातो. दगडाखाली. तिथे बसतो. तूही बस. कोण आधी कंटाळतो, एवढाच खेळ." त्याने बोटावरचा चुरा झटकला. "रेनबो जवान पोरगा. अंगावर गुलाबी पट्टा, पोटात भूक. समोर पडेल ते गिळतो. टोचलं की उडतो, नाचतो, सगळ्या गावाला दाखवतो. रेनबो धरलास तर मजा तुझी. ब्राउन धरलास तर इज्जत तुझी. पण तुझा ब्राउन रेनबोसारखा नाचतो, टीचर. आणि रेनबो हौदात पाळतात. सरकारी हौदात."



आता लिहितोच आहे तर लिहून टाकतो. त्या ओढ्यावर मी तीन दिवस होतो. तीन दिवसांत मला फक्त सर्दी धरता आली. कारण मी काठावरून वर-खाली फिरत होतो, आणि त्या पाण्यातला एकूण एक ब्राउन ट्राउट माझ्या पायांचा आवाज ओळखायला लागला होता. चौथ्या दिवशी आम्ही सरकारी हौदावर गेलो आणि एक मासा विकत घेतला. गुलाबी पट्ट्याचा. सुमननेच बोट दाखवून निवडला होता. जाळीत घेतल्यावर तो तीनदा उडाला, एवढं मात्र अगदी खरं. ब्राउन म्हटलं कारण ब्राउन मिळणं कठीण, असं तिथला नावाडी म्हणाला होता. कुठला उडतो नि कुठला बसतो, हे पेणमध्ये कोणाच्या बापाला माहीत होतं?

विलास टाळ्या पिटत होता. "भाऊजी, पकडले गेलात! अकरा वर्षं आम्हाला हौदातला मासा खायला घातलात?"

"काश्मीरचे ब्राउन वेगळे असतात," मी म्हणालो. "हवामान थंड. स्नायू ताठ."

"असं? मग होऊन जाऊ द्या. इथे तळ्यांवर सीबास मिळतो. म्हणजे आपला जिताडा. तोही उडतो. जायच्या आत माझ्या डोळ्यांदेखत एक जिताडा गळाने काढा. काढलात तर तुमच्या ट्राउटला हत्तीएवढा म्हटलंत तरी मी मान डोलावेन. नाही काढलात तर ही गोष्ट पुन्हा सांगायची नाही. कुठेही. कधीही."

पेणच्या माणसाला जिताड्याचं आव्हान! आमच्याकडे साहेबाकडून काम करून घ्यायचं तर अर्ज नेत नाहीत, जिताडा नेतात. मी हातावर हात मारला. सुमनने फराळाची ताटं उचलली आणि आत जाता जाता फक्त म्हणाली, "बसता येईल का तुम्हाला?"

हौगांगच्या पुढे

लिमने मला दुसऱ्या दिवसापासून शिष्य करून घेतलं. टॅम्पिनीसहून बसने हौगांग, तिथून त्याच्या पुतण्याच्या टेम्पोतून पुढे एका भाड्याच्या तळ्यावर. चौकोनी तळं, सिमेंटचा काठ, पत्र्याची सावली, आणि खुर्च्यांवर दहा-बारा चिनी म्हातारे इतके स्थिर, की त्यातले दोन तरी वारले असावेत अशी मला शंका आली. तासावर भाडं भरायचं आणि गळ टाकायचा. पेणच्या खाडीवर भाडं फक्त डास घेतात.

मी घरून निघतानाच मेधाच्या देवघरातला नारळ पिशवीत टाकला होता. पाण्याला नारळ दिल्याशिवाय गळ टाकायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मी हात जोडले आणि नारळ तळ्याच्या मध्यावर भिरकावला. असा काही आवाज झाला की दहा-बारा म्हातारे एकदम जिवंत झाले. एकाची गळाची काठी पाण्यात गेली. तळ्याचा मालक बनियनवर धावत आला आणि चिनीत मला जे काही म्हणाला, ते लिमने भाषांतर करायला नकार दिला. मालकाने मला जाळं दिलं, आणि माझा स्वतःचा नारळ मला वीस मिनिटं खपून बाहेर काढावा लागला. त्या दिवशी त्या तळ्यातून मी काढलेला तो एकमेव ऐवज.

"देवाला देतोस ठीक," लिम म्हणाला, "पण हळू दे, लाह. देव बहिरा नाही, मासाही नाही."

मग सुरू झाली तपश्चर्या. जिवंत कोळंबी गळाला लावायची, पाण्यात सोडायची आणि बसायचं. बसायचं! पाच मिनिटांत माझ्या पायाला मुंग्या, सातव्या मिनिटाला मी उभा, नवव्या मिनिटाला पलीकडच्या काठावर, कारण तिथे पाणी हललं. तिकडे पोचलो की इकडे हललं. गळ वर ओढून कोळंबी जिवंत आहे का ते मी इतक्यांदा पाहिलं, की त्या कोळंबीची नि माझी चांगली ओळख झाली.

तिसऱ्या दिवशी लिमने माझ्या चपला काढून घेतल्या आणि आपल्या बुडाखाली ठेवून वर बसला. सिमेंट तव्यासारखं तापलेलं. "आता फिर," तो म्हणाला. मी पाय खुर्चीवर घेऊन दोन तास बसलो. आयुष्यातला विक्रम. पण खुर्चीवर बसूनही माझा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता, आणि लिम पाण्याकडे बघत म्हणाला, "तुझी खुर्ची बोलते, टीचर."

दुपारी तो मला हॉकर सेंटरला न्यायचा. रस्त्यालगत छपराखाली पन्नास चुली, प्रत्येकीवर वेगळं शिजतंय. एकदा त्याने सीबास मागवला. आख्खा मासा वाफवून, वर आल्याचे काप, पातीचा कांदा आणि काळं खारट पाणी. जिताडा! ना नारळ, ना कोकम, ना लाल तिखट. मला वाटलं एखाद्या घरंदाज बाईला कोणी दागिने उतरवून बसवलंय. पण घास तोंडात घातला आणि गप्प झालो. मसाल्याशिवाय जिताडा कसा लागतो हे मला पन्नास वर्षांत माहीतच नव्हतं. पेणमध्ये हे बोललो तर वाळीत टाकतील, म्हणून इथेच लिहितो: चांगला लागला.

रॅफल्स प्लेस आणि बाजार

दहाव्या दिवशी मी तळ्यावर गेलो नाही. मासा धरवत नाही आणि घरात बसवत नाही. एम.आर.टी.त, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये बसलो, रॅफल्स प्लेसला उतरलो, बँकांच्या इमारती मान मोडेपर्यंत पाहिल्या, पुन्हा गाडीत बसून शेवटच्या स्टेशनपर्यंत गेलो, परत आलो. गाडीत सगळे स्वस्थ बसलेले. ह्या देशात माशांपासून माणसांपर्यंत सगळ्यांना बसता येतं, मलाच कसं येत नाही? टाय लावलेले तरुण धावतपळत जेवायला जाताना पाहिले तेव्हा जरा बरं वाटलं. पण तेही बसूनच जेवले.

रात्री विलास ताट वाढून घेताना म्हणाला, "भाऊजी, चार दिवस. शेवटचं एकदा म्हणून दाखवता का ट्राउट? निरोप समारंभ करू."

मी हसलो. पण ताट बाजूला सारलं. विचार केला, पेणला परत गेलो, पुढचं लग्न आलं, मंडळी पानं लावून बसली, कोणीतरी म्हणालं 'गुरुजी, होऊ द्या', आणि मी म्हणालो 'नाही'. मग ते विचारणार, का? मग?

अकराव्या दिवशी सकाळी मी हौगांगच्या बाजारात गेलो. लिमला न सांगता. ओल्या फरशीवर पाटे, पाट्यांवर बर्फ, आणि एका कोपऱ्यात काचेच्या टाकीत जिवंत सीबास. चंदेरी, हातभर, लाल डोळ्यांचे. मी हिशोब जुळवला. पिशवीत पाणी भरून तळ्यावर न्यायचा, लिमचं लक्ष नसताना गळाला लावून पाण्यात सोडायचा, विलास आला की ओढायचा. अकरा वर्षांपूर्वी जमलं होतं. कोळणीने, म्हणजे तिथल्या चिनी बाईने, जाळी टाकीत घातली. मी बोट दाखवलं, "तो. मोठा."

"तो नको," मागून मराठीत आवाज आला. "त्याच्या शेपटीला जखम आहे."

सुमन. हातात मेथीची जुडी. मेधाने तिला भाजीला पाठवलं होतं. म्हणजे निदान मला तसं सांगण्यात आलं.

मी टाकीकडे बघत राहिलो. तीही माझ्याकडे न बघता टाकीकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "तेव्हा मी निवडून दिला होता. तीन दिवस भिजला होतात, तापाने फणफणत होतात, घरी काय सांगणार म्हणून तोंड एवढंसं झालं होतं. म्हणून दिला. पुन्हा नाही देणार. माझा भाऊ आहे तो. त्याला हौदातला खायला घालायचा नाही."

"मग गोष्ट जाईल, सुमन."

"गेली तर गेली. तुम्ही तर राहाल ना?"

बाई जाळी धरून उभी होती. मी नको म्हणून मान हलवली. तिने मासा पुन्हा टाकीत सोडला. तो जाता जाता नुसती शेपटी हलवून गेला, उडाला नाही.

शेवटचा दिवस

विलासने पेजर बंद केला आणि आमच्याबरोबर तळ्यावर आला. सुमनही आली. लिमने मला खुर्ची दिली नाही. "खाली बस," तो म्हणाला. "सावलीत. पाय पाण्याकडे नको." मी मांडी घालून बसलो. समोर सुमन एका खांबाला टेकून उभी होती. मी पाण्याकडे बघण्याऐवजी तिच्याकडे बघत बसलो. बारा वाजले, एक वाजला. माझा गुडघा हलला नाही. का हलला नाही, हे मला आजही सांगता येत नाही, आणि मला सांगता येत नाही असं माझ्या आयुष्यात फार थोडं आहे.

दोनच्या सुमाराला दोरी गेली.

इथून पुढे मी एक अक्षर वाढवत नाही, पाहिजे तर विलासला विचारा. काठी अशी वाकली की तिचं टोक पाण्यात. लिम ओरडला, "उभा राहू नको!" आणि जिताडा उडाला. अख्खा पाण्याबाहेर, कल्ले उघडे, डोकं गदागदा हलवत, उन्हात ताटासारखा चमकत. पुन्हा खाली, पुन्हा वर. मी दोन्ही हातांनी काठी धरलेली, मांडी तशीच. विलास ओरडत होता, "भाऊजी, सोडू नका! भाऊजी, धरा!" पैज विसरून तो माझ्याच बाजूने ओरडत होता.

तो तिसऱ्यांदा उडाला. वरच्या वर त्याने डोकं झटकलं, आणि गळ कोळंबीच्या टरफलासकट माझ्या मांडीवर येऊन पडला. मासा पाण्यात.

तळ्यावरचे सगळे म्हातारे उभे राहिले होते. 

"तीनदा," लिम म्हणाला. "मी मोजलं, टीचर. तीनदा."

विलास माझ्याजवळ उकिडवा बसला. त्याचा आवाज खाली आला होता. "भाऊजी, जाऊ द्या पैज. लागला तर होता. मी पाहिला."

"काढला का?"

"नाही, पण..."

"मग गोष्ट बंद," मी म्हणालो. त्यालाच काय, मलाही आश्चर्य वाटलं. पण खरोखर तीनदा उडालेला मासा डोळ्यांनी पाहिल्यावर तो हौदातला पुन्हा उडवायची मला लाज वाटली.

संध्याकाळी फ्लॅटमध्ये विलास मेधाला सांगत होता. उभा राहून. "अगं, पाच वेळा! शेवटच्या वेळी पत्र्याला लागला!" त्याचा हात आकाशकंदिलाला लागून आणखी एक झिरमिळी खाली आली.

पेण

परत आल्यावर तुळशीच्या लग्नाला आमच्या अंगणात मंडळी जमली. सिंगापूरची चॉकलेटं वाटून झाली, उंच इमारती सांगून झाल्या, थुंकायला दंड आहे हे ऐकून अर्ध्या लोकांनी तिथे न जायचं ठरवलं. मी तळ्यावरचा जिताडा सांगितला. जसा घडला तसा. कोणाला पटला नाही. "लागला आणि सुटला?" हेडमास्तर म्हणाले. "गुरुजी, थकलात तुम्ही. ते जाऊ दे. ती काश्मीरची होऊ द्या."

"होऊ द्या!" सगळे म्हणाले.

मी पायाच्या अंगठ्याने शेणाने सारवलेली जमीन उकरत बसलो. तोंडाशी ओढा आला होता, बर्फ आलं होतं, मेंढपाळ कोकरू घेऊन तयार होता.

"ह्यांचा घसा बसलाय," सुमन म्हणाली. पदराला हात पुसत ती तुळशीपाशी येऊन उभी राहिली. अकरा वर्षांत ह्या गोष्टीवर जिने एक शब्द काढला नव्हता, तिने मान वर केली. "मी सांगते. मी तिथेच होते."



"पहिली गोष्ट, मासा उडाला नाही. हे उगाच उडवतात. ब्राउन ट्राउट उडत नसतो. तो म्हातारा असतो, अंगावर लाल-काळे ठिपके. गळाला लागला की खाली जातो. तसा गेला. एका भल्यामोठ्या दगडाखाली. आणि बसला. मग हेही बसले. बर्फाच्या पाण्यात. एक तास गेला, दोन गेले. पलीकडचा मेंढपाळ मेंढ्या घेऊन घरी गेला, भाकरी खाऊन परत आला. मासा हलेना, हेही हलेनात."

"वहिनी!" हेडमास्तरांनी हात जोडले. "मासा दगडाखाली होता, पटलं. मेंढपाळ आला, पटलं. पण गुरुजी? दोन तास? एका जागी? काहीतरीच काय सांगता!"

अंगण हसून फुटलं. सुमन हसली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी पाय ओढून घेतले, मांडी घातली, आणि तिचा मासा दगडाखालून बाहेर येईपर्यंत हललो नाही.